जहाजावर प्लँक्टनचे (पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक जीवांचे) फोटो काढायचेत? आधी पाणी मोजा, मग कॅमेऱ्याचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, फेब्रुवारीत पहिल्यांदाच अरबी समुद्रातल्या क्रूझवर निघालीये, लॅब सोबत एक फ्लोकॅम आणि एक प्लँक्टोस्कोप देतेय, म्हणजे वाहत्या पाण्यातल्या प्लँक्टनचे फोटो काढणारी दोन मशीन. तिला विचारायचंय की जहाज हलत असताना फोटो ब्लर होऊ नयेत म्हणून काय करायचं, सॅम्पल जिवंत असतानाच फोटो काढायचे की फॉर्मलिनमध्ये टाकून नंतर निवांत, आणि परत आल्यावर त्या हजारो फोटोंचं करायचं काय. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, नेट ओढण्यापासून रात्री जागून फोटो चाळण्यापर्यंत सगळं, त्यामुळे सविस्तर लिहितो. अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस, वयाने माझ्या मुलीएवढी असशील.

तुझ्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: हा फोटो किती लिटर समुद्राचा आहे? याचं उत्तर नसेल तर तुझ्याकडे कितीही सुंदर कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातला इवलासा प्राणी) असो, तो कॅलेंडरवर छापायला ठीक, थिसिसमध्ये त्याचा उपयोग नाही. कारण शेवटी गाईड विचारणार की एका घनमीटरला किती, आणि ते फोटोत दिसत नाही, ते तुझ्या वहीत असावं लागतं.

आता हे कसं मोजतात ते बघ. समजा डब्ल्यूपी-२ नावाचं नेट, म्हणजे प्लँक्टन गाळायची शंकूसारखी जाळी आहे, तोंड ०.२५ चौरस मीटरचं, मेश (जाळीची भोकं) २०० मायक्रॉन, आणि तू ते २०० मीटरपासून वर सरळ ओढलंस. हिशोबाने ५० घनमीटर पाणी गाळलं गेलं, म्हणजे पन्नास हजार लिटर. त्यातले सगळे जीव कॉड एंडमध्ये, म्हणजे नेटच्या शेपटाच्या डब्यात गोळा झाले, तू ते धुऊन ५०० मिलीच्या बाटलीत आणलेस. म्हणजे बाटलीतला १ मिली म्हणजे १०० लिटर समुद्र. त्यातले २ मिली कॅमेऱ्याखालून गेले आणि ४० कोपेपॉड सापडले, तर २०० लिटरला ४०, घनमीटरला २००. गणित पाचवीचं आहे, पण या साखळीतला एक आकडा जरी लिहायचा राहिला तरी बाकीचे सगळे आकडे फुकट जातात. बाटलीत एकूण किती मिली होतं हे लिहायचं विसरणं हा तर राष्ट्रीय छंद आहे.

आणि तो ५० घनमीटर हा आकडासुद्धा कागदावरचा. फेब्रुवारीत वर गुजरातच्या बाजूला वारा असतो, जहाज ड्रिफ्ट होतं, वायर तिरकी जाते. २०० मीटर वायर सोडली आणि ती उभ्या रेषेपासून ३० अंशात तिरकी असेल तर नेट १७३ मीटरवरच आहे. ब्लूम (एखाद्या जीवाची अचानक बेसुमार वाढ) असेल तर मेश चोंदते, मग तोंडातून पाणी आत जायच्या ऐवजी बाजूने निघून जातं. म्हणून फ्लोमीटर, आत किती पाणी गेलं ते मोजणारा छोटा पंखा. तो नेटच्या तोंडात बरोबर मध्यभागी लावू नकोस, मध्य आणि कड यांच्या साधारण मधोमध लाव. नेट पाण्यात जाण्याच्या अगदी आधी रीडिंग घे आणि डेकवर आल्या आल्या परत घे, कारण वाऱ्याने तो पंखा डेकवरसुद्धा फिरतो आणि नंतर कुणालाच कळत नाही की हे आकडे पाण्यातले की हवेतले. दर स्टेशनला (सॅम्पल घ्यायला जहाज थांबतं त्या जागेला) वायरच्या एका मीटरमागे फ्लोमीटरचे किती आकडे फिरले हे लगेच काढून बघायची सवय लाव. शेजारच्या स्टेशनपेक्षा एकदम कमी दिसले की समजायचं नेट चोंदलंय, आणि वेळ असेल तर तिथेच दुसरा हॉल मागायचा, म्हणजे नेट परत एकदा ओढायला सांगायचं. वायर ओढणारी विंच चालवणारा कुरकुर करेल, करू दे.

या गोष्टीचं महत्त्व पटायला जुनं उदाहरण देतो. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, कितीतरी देशांची जहाजं होती, आणि सगळ्यांनी एकच इंडियन ओशन स्टँडर्ड नेट वापरायचं ठरलं, तोंड १ चौरस मीटर, मेश ०.३३ मिलिमीटर, हॉल २०० मीटरपासून वर. ती सगळी सॅम्पल कोचीच्या इंडियन ओशन बायोलॉजिकल सेंटरला आली, तिथे वर्षानुवर्षं बसून माणसांनी ती सॉर्ट केली. पुढे १९६६ला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली, ती त्याच मोहिमेची कमाई. फोटोबिटो काही नव्हते, तरी ते आकडे आजही वापरता येतात कारण पाणी किती गाळलं ते ठरलेलं होतं. आपल्याकडे आता इमेजिंगची मशीन आहेत आणि कुठल्या हार्डडिस्कवर कुठल्या स्टेशनचे फोटो आहेत ते सांगता येत नाही, अशी बऱ्याच लॅबची अवस्था आहे.

असो, आता तुझा पहिला प्रश्न, ब्लर.

लोकांना वाटतं जहाज डुलतं म्हणून फोटो हलतो. तसं नसतं. जहाज रोल होतं तेव्हा कॅमेरा, लेन्स, सॅम्पल, टेबल आणि तू सगळेच एकत्र डुलता, कॅमेऱ्याच्या दृष्टीने काही हललेलंच नसतं. त्रास देते ती इंजिनची थरथर, आणि त्याहून जास्त बो थ्रस्टर (जहाजाच्या नाकाजवळचे आडवे पंखे). स्टेशनवर जहाज जागेवर धरून ठेवायला थ्रस्टर चालू झाले की टेबलाला हात लावून बघ, मुंग्या येतात. या थरथरीत लेन्स एका लयीत आणि स्टेज दुसऱ्या लयीत हलतं आणि फोकस जातो. म्हणून उपाय असा की लेन्स, लाइट आणि सॅम्पल हे तिन्ही एकाच जाड पट्टीवर घट्ट बसलेले हवेत, आणि ती पट्टी टेबलापासून रबराने वेगळी केलेली हवी. मशीनच टेबलाला बोल्ट करून टाकणारे लोक बघितलेत, त्याने मशीन पडत नाही हे खरं पण टेबलाची सगळी थरथर थेट आत जाते. मी खाली जाड रबर मॅट घालतो आणि वरून रॅचेट बेल्टने बांधतो, बेल्ट इतकाच ओढायचा की मशीन सरकणार नाही पण रबर पूर्ण चेपणार नाही. आणि जागा निवडायला मिळाली तर जहाजाच्या मध्यभागी, जितकं खाली तितकं चांगलं. बहुतेक वेळा मिळत नाही, वेट लॅब (ओल्या सॅम्पलची खोली) मागे ए-फ्रेमजवळ, म्हणजे नेट सोडायच्या लोखंडी कमानीजवळ असते आणि तिथेच सगळे आदळआपट करत असतात.

फ्लोकॅममध्ये फ्लॅश मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे पेशी वाहत असल्या तरी त्या गोठल्यासारख्या येतात, तिथे ब्लर आला तर तो बहुतेक फोकसचाच असतो. प्लँक्टोस्कोपचं वेगळं आहे. ते रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चालणारं, डिझाइन सगळ्यांना खुलं असलेलं छोटं मशीन, ते पंप करतं, थांबतं, फोटो काढतं, परत पंप करतं. थांबल्यावर पाणी खरंच थांबलंय का हा प्रश्न. रोल होताना नळीच्या एका टोकाची उंची दुसऱ्यापेक्षा वर-खाली होते आणि पंप बंद असूनही फ्लो सेलमधलं (लेन्ससमोरच्या चपट्या काचेच्या नळीतलं) पाणी पुढे-मागे सरकत राहतं, रोलच्या बरोबर तालात. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेव, येणारी आणि जाणारी बाटली एका पातळीवर ठेव, आणि अख्खं मशीन असं फिरव की नळ्यांची दिशा जहाजाच्या लांबीच्या दिशेने येईल, आडवी नको. रोल आडवा असतो, तो मग नळीत उतार तयार करत नाही. हे फुकटचं आहे आणि फरक लगेच दिसतो.

डिशमध्ये मायक्रोस्कोपखाली फोटो काढणार असशील तर अर्धी भरलेली पेट्री डिश जहाजावर काही कामाची नाही, पाणी डचमळतं आणि प्राणी फोकसमधून येत-जात राहतो. काठोकाठ भरून वरून काच सरकव, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, मग डचमळायला जागाच उरत नाही. काळी पार्श्वभूमी आणि बाजूने लाइट दे, कारण अर्धे प्राणी काचेइतके पारदर्शक असतात आणि खालून लाइट दिला तर साल्प (जेलीसारखा पिंपाच्या आकाराचा प्राणी) किंवा ॲरोवर्म (बाणासारखा किडा) जवळजवळ दिसतच नाहीत. वळवळणाऱ्यांना शांत करायला मॅग्नेशियम क्लोराइड, डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण ७.५ टक्क्यांचं द्रावण, ते समुद्राच्या पाण्यात तिसरा हिस्सा मिसळ आणि काही मिनिटं थांब. कोपेपॉडसाठी काही जण सोडा वॉटरसुद्धा वापरतात, चालतं.

बुडबुड्यांवर थोडं जास्त लिहितो कारण यावर सगळे फसतात. निस्किन बाटलीतून (हव्या त्या खोलीवर बंद करता येणाऱ्या बाटलीतून) ५०० मीटरचं पाणी आलं की ते बारा-तेरा अंशांचं असतं. ते तू खोलीच्या तापमानाला फ्लो सेलमध्ये सोडलंस की गरम होताना त्यातून हवा सुटते आणि काचेला बारीक बुडबुडे चिकटतात. सॉफ्टवेअरला ते छान गोल, काळ्या कडेचे सेल वाटतात. त्यात एसी लॅबमधून दार उघडलं की बाहेरची दमट हवा येते आणि थंड काचेवर दव. खोल पाणी आधी झाकून लॅबच्या तापमानाला येऊ दे, बाटली हलवू नको, आणि बुडबुडे सुटून गेल्यावर मगच चालव. दर काही सॅम्पलनंतर गाळलेलं समुद्राचं पाणी ब्लँक म्हणून चालव. ब्लँकमध्ये जे दिसेल ते समुद्रातलं नाही, ते तुझ्या मशीनमधलं, नळीतलं किंवा तुझ्या सुती ॲप्रनमधलं आहे. नेटच्या सॅम्पलमध्ये वायरचं ग्रीस, गंज आणि डेकच्या रंगाचे कपचेसुद्धा येतात, ते फोटोत अपारदर्शक काळे तुकडे दिसतात, पहिल्याच दिवशी त्यांचे मुद्दाम फोटो काढून ठेव म्हणजे पुढे ओळखता येतील.

आणि काचेला चिकटलेला डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ. एकच बिचारा, पण तो दोनशे फ्रेममध्ये त्याच जागी येतो आणि तू म्हणतेस कीटोसेरॉस (एक डायटम) ब्लूम. सापडलेल्या प्रत्येक वस्तूचा फ्रेममधला एक्स आणि वाय प्लॉट कर, एका ठिकाणी ठिपक्यांचा गठ्ठा दिसला की ती घाण आहे किंवा चिकटलेला सेल आहे, उडवून टाक.

फ्लोकॅमबद्दल अजून एक, जे मॅन्युअलमध्ये असतं पण वाचत कुणी नाही. पंपाने जेवढं पाणी ओढलं तेवढ्याचा फोटो निघत नाही. कॅमेरा ठराविक फ्रेम काढतो, मधलं पाणी फोटो न काढता निघून जातं, आणि काचेची रुंदी लेन्सच्या नजरेपेक्षा मोठी असेल तर कडेचंही जातं. मशीन फोटो निघालेलं व्हॉल्यूम वेगळं देतं, घनतेच्या हिशोबात तोच आकडा घ्यायचा. पंपाचा घेतलास तर सगळे आकडे कमी येतील, आणि दर सेटिंगला वेगवेगळ्या प्रमाणात कमी येतील, म्हणजे नंतर दुरुस्तसुद्धा करता येणार नाहीत. लेन्स बदलली की स्टेज मायक्रोमीटरचा (काचेवरच्या बारीक पट्टीचा) फोटो घे, दर वेळी. आणि फ्लो सेलच्या जाडीपेक्षा बारीक मेशमधून सॅम्पल आधी गाळ, ३०० मायक्रॉनच्या सेलमध्ये मोठा कोपेपॉड अडकला की पुढचा तास तो सेल धुण्यात जातो. गाळलेला वरचा भाग मात्र फेकू नकोस, तो वेगळा मोजायचा आहे.

दुसरा प्रश्न, जिवंत की फॉर्मलिन. माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही, पण क्रम जिवंतचा आधी. सॅम्पल वर आलं की स्प्लिटरने (सॅम्पल समान वाटणाऱ्या डब्याने) अर्धं कर, एक अर्धा ताबडतोब बोरॅक्स घातलेल्या ४-५ टक्के फॉर्मलिनमध्ये, तो तुझा विमा. दुसरा जिवंत, सावलीत, पातळ करून मोठ्या बादलीत, कारण गर्दीत ते एकमेकांना खातात आणि गुदमरतात. तासाभरात जे काही काढायचं ते काढ.

जिवंत का, तर फॉर्मलिनमध्ये काय काय हरवतं ते बघ. रंग जातो. साल्प आणि कंगवा जेली आकसतात किंवा विरघळल्यासारख्याच होतात. सायफोनोफोरच्या (अनेक भाग जोडून बनलेल्या जेलीसारख्या प्राण्याच्या) घंटा सुट्या होतात आणि मोजणारा एका प्राण्याचे दहा करतो. बोरॅक्स कमी पडलं आणि द्रावण आंबट झालं की टेरोपॉडचे (पोहणाऱ्या गोगलगायींचे) शंख झिजतात. ल्यूगॉल (आयोडीनचं द्रावण) टाकलं तर सगळं तपकिरी होतं आणि क्लोरोफिलची चमकच मरते, म्हणजे फ्लोकॅमचा फ्लुरोसन्स ट्रिगर (ती चमक दिसली की फोटो काढणारी सोय) त्या सॅम्पलवर चालत नाही, मग मशीन बिघडलं म्हणून बोंबाबोंब होते. फ्लुरोसन्सवर काम करायचं असेल तर ते जिवंत पाण्यावर, तेही उजेडात फार वेळ न ठेवता.

सॅफिरिना नावाची कोपेपॉड तुला दिसली तर कळेल मी काय म्हणतोय. नर असेल तर चपटा, पानासारखा, डिशमध्ये फिरताना एका कोनात गडद निळा किंवा सोनेरी चमकतो आणि पुढच्या क्षणी दिसेनासाच होतो, जणू डिश रिकामी आहे. पाठीत ग्वानिनच्या स्फटिकांचे पातळ थर असतात, उजेड ठराविक कोनातून पडला तरच तो परततो. याचा फोटो काढायचा नाद सोड, व्हिडिओ काढ, मंद लाइट एका बाजूने देऊन, आणि नंतर त्यातली फ्रेम निवड. बाटलीत गेल्यावर ती एक फिकट पारदर्शक टिकली उरते.

दुसरं उदाहरण प्लुरोमामा, हाही कोपेपॉडच. अरबी समुद्रात १५० मीटरपासून जवळजवळ हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन नसल्यात जमा असतो, तरी प्लुरोमामा इंडिका दिवसा तिथेच खाली असतो आणि रात्री वर येतो, तुला रात्रीच्या नेटमध्ये भरपूर मिळेल. त्याच्या अंगावर एका बाजूला काळपट तपकिरी गोल बटण असतं. काही जातींत ते डावीकडे, काहींत उजवीकडे, काही जातींत दोन्ही प्रकारचे प्राणी सापडतात. म्हणजे ओळखायला बाजू महत्त्वाची. आता एक तर मायक्रोस्कोप प्रतिमा उलटी करतो, वर कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मिरर नावाचं बटण असतं जे आधीच्या माणसाने चालू ठेवलेलं असतं. पहिल्या दिवशी एक छापील अक्षर लेन्सखाली ठेवून फोटो काढ आणि ते सरळ दिसतंय का बघ. पुढे मशीन लर्निंगवाले मित्र डेटा वाढवायला फोटो डावे-उजवे उलटवतात, त्यांनाही आधीच सांगून ठेव की या प्राण्यांसाठी तो प्रकार बंद.

फेब्रुवारीत उत्तर अरबी समुद्रात असशील तर हिरवा नॉक्टिलुका (रात्री चमकणारा मोठा एकपेशीय जीव) मिळणारच, गोम्स आणि सहकाऱ्यांचा २०१४चा नेचर कम्युनिकेशन्समधला पेपर वाचून जा, हे ब्लूम आणि वर येणारं कमी ऑक्सिजनचं पाणी यांचा संबंध त्यांनी मांडलाय. या पेशी बादलीत भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात, फक्त खूप बारीक आणि हिरव्या, आणि तो हिरवा रंग त्यांचा स्वतःचा नाही, आत राहणाऱ्या शेवाळ पेशींचा आहे. नेटमध्ये त्या फुटतात. त्यामुळे नॉक्टिलुकासाठी नेट नाही, बादली. बादली दोरीने अलगद सोडायची, मोजलेलं पाणी घ्यायचं, आणि उथळ डिशमध्ये कमी झूमवर फोटो. ३०० मायक्रॉनच्या फ्लो सेलचं तर नावच काढू नकोस, मोठ्या पेशी जात नाहीत आणि लहान चिरडतात. रात्री डेकवरून चमकत्या पाण्याचा फोटो काढायचा मोह होईल, पण लाँग एक्स्पोजर आणि हलतं जहाज यांचं जमत नाही, बरणीत पाणी घेऊन केबिनचे लाइट बंद कर आणि कॅमेरा उशीत रुतवून ठेव. आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर जी निळी लाट चमकल्याच्या बातम्या येतात त्यातही बहुधा नॉक्टिलुकाच असतो, घरी दाखवायला तेवढंच.

ट्रायकोडेस्मियम या धाग्यांसारख्या जिवाणूचंही तसंच. पुढे मार्च-एप्रिलमध्ये गोव्याच्या आणि कारवारच्या बाहेर लाकडाच्या भुशासारखे पट्टे दिसतात ते हेच. याचे धागे एकत्र येऊन झुपके बनतात, आणि नेट व पंप दोन्ही त्या झुपक्यांचा भुगा करतात. डेव्हिस आणि मॅकगिलिकडी यांनी अटलांटिकमध्ये व्हिडिओ प्लँक्टन रेकॉर्डर (पाण्याखालचा कॅमेरा) जहाजामागून ओढत नेला, पाण्यातल्या पाण्यात फोटो काढले, आणि २००६ला सायन्समध्ये लिहिलं की ट्रायकोडेस्मियमच्या कॉलनी आधी वाटत होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त आहेत आणि खोलवरही आहेत. रायझेरियाचं पण तेच, नेटमध्ये ते तुटतात म्हणून कुणी धरतच नव्हतं, २०१६ला यूव्हीपी या पाण्यात सोडायच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरून नेचरमध्ये पेपर आला की समुद्रातल्या सजीव कार्बनचा पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा या मोठ्या एकपेशीयांचा आहे. सांगायचा मुद्दा, तुझ्या क्रूझवर रोझेटला (निस्किन बाटल्यांच्या चौकटीला) यूव्हीपी लावलेला असेल तर त्याच्या मागे लाग, तो दर फ्लॅशला साधारण लिटरभर पाण्याचा फोटो काढतो आणि खोली सोबत लिहितो, म्हणजे किती पाणी आणि कुठलं पाणी ही दोन्ही उत्तरं तयार. पण तो बारीक प्राणी जातीपर्यंत ओळखू देणार नाही, त्यासाठी नेट लागतंच. एक मशीन सगळं करतं असं कुणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठव.

झूस्कॅनबद्दल (प्लँक्टनच्या स्कॅनरबद्दल) कुणी सुचवलं असेल तर ते परत आल्यावर, किनाऱ्यावर, फॉर्मलिनच्या सॅम्पलवर. ट्रेमध्ये पाणी घालून स्कॅनर हळूहळू सरकतो, तेवढ्या वेळात जहाजावर पाणी डचमळून प्राणी लांबट होतात, मग कुठल्याही ॲरोवर्मची लांबी काहीही येते.

आता घड्याळ. हे छोटं वाटेल पण यावर अख्खा चॅप्टर उभा किंवा आडवा होतो. सीटीडीचं (पाण्याची क्षारता, तापमान, खोली मोजणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), तुझा लॅपटॉप आयएसटीवर, जहाजाचं घड्याळ कॅप्टनच्या मर्जीवर, आणि रास्पबेरी पायला इंटरनेट नसेल आणि बॅटरीवालं घड्याळ लावलेलं नसेल तर तो चालू झाल्यावर भलतीच तारीख दाखवतो. साडेपाच तासांचा फरक आहे. १४:३० यूटीसी म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. ते कुणी आयएसटी समजून वाचलं तर रात्रीचं सॅम्पल भर दुपारचं होतं, आणि तुझे प्लुरोमामा दुपारी पृष्ठभागावर पोहायला लागतात. सगळी घड्याळं बंदरातच यूटीसीवर लाव, वहीत वेळेपुढे यूटीसी असं शब्दात लिही, आणि दर कास्टच्या (यंत्र किंवा नेट पाण्यात सोडण्याच्या प्रत्येक फेरीच्या) सुरुवातीला एक पाटी धरून फोटो काढ, पाटीवर क्रूझ, स्टेशन, कास्ट, नेट, मेश, खोली, कुठला हिस्सा, बाटलीतलं एकूण व्हॉल्यूम. फाइलची नावं नंतर बदलतात, हरवतात, पण पाटीचा फोटो त्या फोल्डरमध्येच असतो.

तिसरा प्रश्न, हजारो फोटोंचं काय करायचं. इकोटॅक्सा या वेबसाइटवर चढव, फ्रान्सच्या विलफ्रांशवाल्यांची आहे, तिथे मशीन अंदाज देतं आणि माणूस तो बरोबर की चूक ठरवतो. आधीच सांगतो, सगळ्यात मोठा ढीग कचऱ्याचा निघणार, डेट्रायटस (मेलेल्या जीवांचा चुरा), धागे, विष्ठेच्या गोळ्या, तुकडे. आणि त्यामुळेच अचूकतेचा टक्का फसवा असतो. शंभरात ऐंशी फोटो कचऱ्याचे असतील तर सगळ्याला कचरा म्हणणारं मॉडेलसुद्धा ऐंशी टक्के अचूक. प्रत्येक गटाचे किती सापडले आणि सापडलेल्यांत किती खरे होते हे वेगळं वेगळं बघ. २०१४-१५ला कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवर प्लँक्टनचे फोटो ओळखायची मोठी स्पर्धा झाली होती, १२१ वर्ग होते, तेव्हापासून लोकांना वाटतं हा प्रश्न सुटला. तो त्या कॅमेऱ्यापुरता आणि त्या पाण्यापुरता सुटला. अटलांटिकच्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल अरबी समुद्रातल्या प्राण्याला त्याच्या ओळखीच्या कुठल्या तरी खान्यात कोंबतं, आणि मला माहीत नाही असं म्हणायचं त्याला शिकवलेलंच नसतं. म्हणून आधी स्वतः दोनेक हजार फोटो हाताने ओळख, शक्यतो कुणा जुन्या टॅक्सॉनॉमिस्टच्या (जाती ओळखणाऱ्या तज्ज्ञाच्या) शेजारी बसून. असे लोक आता कमी उरलेत आणि निवृत्त होत चाललेत. क्रूझवर एखादा असेल तर जेवताना त्याच्याच टेबलावर बस. मी एका जुन्या सरांकडून कोपेपॉडच्या पाचव्या पायाबद्दल जे शिकलो ते मेसमध्ये जवळ्याची चटणी खाताना. जवळासुद्धा तसा पोहणारा प्लँक्टनच, किनाऱ्याजवळच्या नेटमध्ये भरून येतो आणि स्वयंपाकी डोकावून बघतो.

किरकोळ गोष्टी पटकन. यूपीएस लागतोच, विंच चालू झाली की व्होल्टेज खाली-वर होतं. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या केबिनमध्ये, कॉपी रोज. फॉर्मलिन फ्यूम हूडमध्येच, लॅबमध्ये वास आला की बाकीचे लोक तुझ्यावर राग धरतात आणि ते बरोबरच आहे. जहाज लागण्याचं म्हणशील तर आयपीसमधून बघणं हा उलटी व्हायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग, पहिले दोन-तीन दिवस स्क्रीनवरच बघ, मधे मधे डेकवर जाऊन क्षितिज बघ, आणि गोळी जहाजाच्या डॉक्टरला विचारून आधीच घे, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सॅम्पलिंग चालू असताना गॅलीचं (स्वयंपाकघराचं) आणि बाथरूमचं पाणी कुठल्या बाजूने बाहेर पडतं ते ब्रिजवर विचारून घे, बादली विरुद्ध बाजूने टाकायची. डोसा-सांबारचे मसाले फ्लोकॅममध्ये फार रंगीत दिसतात.

आणि हे क्रूझच्या आधी, आजच कर: चीफ सायंटिस्टला मेल टाकून विचार की नेटचं सॅम्पल किती जणांत वाटलं जाणार आहे आणि स्प्लिटरचा कुठला हिस्सा तुझा. डीएनएवाले, बायोमासवाले, आयसोटोपवाले सगळ्यांना तेच सॅम्पल हवं असतं, आणि जिवंत हिस्सा पहिल्या दहा मिनिटांत मागणारी तू एकटीच असशील. मुरगाव सोडायच्या आधी हे कागदावर ठरलं नसेल तर रात्री दोनच्या स्टेशनला डेकवर उभं राहून ठरवावं लागतं, आणि तिथे ज्याच्या हातात बाटली त्याचं सॅम्पल. बाकी तुझा फ्लो सेल किती मायक्रॉनचा आहे आणि सोबत कुठली लेन्स देतायत ते लिही, मग फ्लो रेट आणि फ्रेम रेटचं सेटिंग नेमकं सांगता येईल.